हाकेच्या अंतरावर

४ फेब्रुवारी

डॉक्टरबाई म्हणाल्या, फिट आली की तारीख लिहून ठेव. एवढंच लिहायचं तर कॅलेंडरवर फुली मारली असती. पण वही घेऊन बसलोय, पानं कोरी आहेत आणि खोलीत माझं ऐकायला दुसरं कोणी नाही. तर घ्या.

फिट : काल झोपेत. साक्षीदार : कोणी नाही. पुरावा : जीभ चावलेली, उशीवर रक्त, चादर ओली (हे पान बाईंना दाखवायचं नाही), आणि अंग असं दुखतंय, जणू कोणी मला पिळून दांडीवर वाळत घातलं होतं. जाग आली तेव्हा मी जमिनीवर होतो. खाटेखाली हरवलेली चप्पल सापडली. तेवढाच फायदा.

७ फेब्रुवारी

कामावर बदली झाली. मी लिफ्टचा माणूस. शाफ्टमध्ये उतरायचं, लिफ्टच्या टपावर उभं राहून दोर बघायचे, ग्रीस लावायचं. मागे एकदा टपावरचं झाकण उघडून आतल्या माणसाला वरून विचारलं होतं, "नमस्कार, कुठे उतरणार?" तो अजून जिन्याने जातो म्हणे.

मालकांना फिटचं कळलं. म्हणाले, "टपावरून पडलास तर मला खाली गोळा करावं लागेल. उद्यापासून फोनवर बस."

फोन म्हणजे असं. लिफ्टमध्ये कोणी अडकलं आणि घंटीचं बटण दाबलं की तो आवाज माझ्याकडे येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत बसायचं. नियम एकच, फोन आपण आधी ठेवायचा नाही. बोलायला काही नसलं तरी धरून बसायचं. पलीकडे कोणीतरी आहे एवढं त्याला कळत राहिलं पाहिजे.

खुर्ची चांगली आहे. फिरते.

११ फेब्रुवारी

आज एक गृहस्थ अडकले. श्वास नुसता सूं सूं.

"किती वेळ लागेल अजून?"

"माणूस निघालाय, साहेब."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! तुम्ही बाहेर मजेत बसलाय."

"कसलं मजेत? मी शेजारच्या लिफ्टमध्ये अडकलोय."

"आं? मग फोन कसा घेताय?"

"बाहेरचे सगळे कामात आहेत. म्हणाले, तू रिकामाच आहेस, घे फोन."

ते हसले. मग आम्ही दोघांनी मिळून मालकांना यथेच्छ शिव्या घातल्या. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "तुम्ही पण लवकर सुटा हो." "बघतो," म्हटलं.

मालकांना कळलं. अर्धा तास झापलं.

१६ फेब्रुवारी

मेंदूचा फोटो आला. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मेंदू आहे, याचा पुरावा मालकांना पाठवावा म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

"हे बघ. आत दोन्ही बाजूंना समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. आठवणी तिथून आत-बाहेर करतात. तुझा उजवा चांगला आहे. डावा आकसलाय."

"कशाने?"

"फिट येऊन येऊन होतं असं. किंवा मुळात असं असतं म्हणून फिट येतात. बऱ्याचदा दोन्ही. तो तुकडा काढता येईल का, ते पुढे तपासण्या करून बघू."

मी विचारलं, माझे सगळे विनोद त्याच तुकड्यात असले तर? त्या म्हणाल्या, "तू नीट बस. अजून एक सांगायचंय, आणि लपवणं मला पटत नाही."

मग सांगितलं. फिटचा आजार असलेली काही माणसं अचानक जातात. बहुतेक झोपेत. वर्षाला हजारात एक. मोठ्या फिट झोपेत येतात आणि खोलीत एकटे असतात, त्यांना धोका जास्त. असं गेलेल्या लोकांचे जुने फोटो तपासले तेव्हा मेंदूतले काही भाग नेहमीपेक्षा मोठे दिसले, काही लहान. श्वास आणि हृदय चालवणाऱ्या आतल्या वायरिंगशी त्यांचा संबंध असावा.

"माझ्यात आहे का तसं काही?"

"एका माणसाचा फोटो बघून हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही."

मग आपल्या हातात काय आहे ते सांगितलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. झोप पुरेशी. पालथं झोपायचं नाही. "आणि रात्री कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू दे. फिटनंतर कुशीवर वळवलं, हलवलं, की बऱ्याचदा माणूस श्वास घेतो."

"पण बाई, तेव्हा मला हाक कुठे मारता येणार?"

त्या पेनाचं टोपण लावत, काढत बसल्या. "घरी कोण कोण असतं?"

"आहेत की बरेच," म्हटलं. (एक पाल, तिचा नवरा आणि झुरळं.)

घरी चालत आलो. ताईचा फोन आला. लग्नानंतर ती लांब गेली, पण माझा कान अजून तिच्याच हातात आहे. "टिल्ल्या, आवाज असा का येतोय?" म्हटलं, तोंडात घास आहे. तोंडात काही नव्हतं. तिचं दुसरं मूल अजून रांगतंय, भाऊजी कामानिमित्त कायम बाहेर. तिला सांगितलं की ती सगळं टाकून येईल. म्हणून नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी

परवा बसून विचार केला की मला हाकेच्या अंतरावर कोण आहे. ज्यांची नावं डोक्यात आली त्या सगळ्यांच्या बुटात मी कधी ना कधी काहीतरी घातलंय.

शेवटी स्पॅनरला सांगितलं. स्पॅनर म्हणजे आमचा मोठा मेकॅनिक, माझा दोस्त. त्याला ते शेजारच्या लिफ्टवाल्या गृहस्थाचंही सांगितलं. म्हणाला, "अरे, हे तू मला कालच सांगितलंस."

"नाही सांगितलं."

"जसंच्या तसं सांगितलंस. मी हसलोपण होतो."

असेल.

तो एक रात्र झोपायला आला. असा घोरला की मला चार फिट आल्या असत्या तरी याला पत्ता लागला नसता. सकाळी त्याच्या बायकोचा फोन : घरात दोन लहान मुलं आहेत, ती काय शेजाऱ्यांनी सांभाळायची? बरोबर आहे तिचं. पण जाताना त्याने एक कामाची वस्तू दिली. त्यांच्या बाळावर लक्ष ठेवायचं यंत्र. दोन डबे. एक बाळाजवळ, एक आईजवळ. बाळ रडलं की आईच्या डब्यातून ऐकू येतं आणि त्यावर दिव्यांची एक रांग आहे, ती पेटत जाते. आधी हिरवे, मग लाल.

बाळ आहे. आता आई शोधायची.

२२ फेब्रुवारी

माझ्या खोलीच्या बरोबर खाली शिवणकाम करणारी काकू राहते. एकटीच. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत ती. चेन बदलून देते, पँटी आखूड करते. कानात यंत्र लावते. बॅटरी महाग म्हणून दुकान बंद केलं की काढून डबीत ठेवते. इथे राहायला आलो तेव्हा एका संध्याकाळी तिची बेल वाजवून जिन्यात लपलो होतो. बाहेरच आली नाही. पुन्हा वाजवली. नाही. अशा थंड माणसाची मस्करी करण्यात काय मजा? म्हणून सोडून दिली होती.

आज दुपारी डबे घेऊन गेलो. सगळं सांगितलं. ती हातातली चेन टाचत राहिली.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. हा उशाशी ठेवायचा. घरघर ऐकू आली, खाट धडधडली, की वर यायचं आणि मला कुशीवर लोटायचं. ही किल्ली."

"तुझं कोणी नाही का रे?"

"तुम्ही आहात की. अगदी खालीच."

"लाडीगोडी नको." मग तिने डबा हातात घेऊन उलटसुलट केला. "हे दिवे कशाला?"

"आवाज झाला की पेटतात."

"कितीशा आवाजाला?"

"खोकलो तरी एखाददुसरा. फिट आली तर सगळे लाल."

ती बराच वेळ त्या डब्याकडे बघत होती. मला वाटलं, नाही म्हणणार. मग म्हणाली, "अंधारात दिसतात का नीट?"

"लख्ख दिसतात."

"ठेव मग."

ऐकायचं सोडून हिला दिव्यांचं कौतुक. लहान मुलासारखी आहे.

२७ फेब्रुवारी

रोज झोपण्याआधी डब्यात तोंड घालून मी काकूसाठी कार्यक्रम करतो. बातम्या, हवामान, मालकांची नक्कल, आज लिफ्टमध्ये कोण अडकलं. शेवटी "शुभ रात्री काकू, आपला नम्र, वरचा मजला."

सकाळी विचारलं, "कसा वाटला कार्यक्रम?"

"बराच वेळ चालला होता. झोपत जा लवकर."

बस. एवढंच. मालकांची नक्कल ऐकून लोक लोळलेत हसून. आणि हिचं काय, तर झोपत जा.

१ मार्च

काल मुद्दाम डब्यात म्हटलं, "काकू, तुम्ही शिवलेली पँट घालून चाललो तर कुत्रीपण हसतात." सकाळी ती मला बघून नेहमीसारखीच. "गोळी घेतलीस?" वर एक डबा भरून जेवण दिलं.

मन मोठं आहे बुवा.

फिट नाही. उशाशी डबा असला की झोपही बरी लागते. वेडेपणा आहे, पण खोलीत कोणीतरी असल्यासारखं वाटतं.

९ मार्च

काकूचं काहीतरी बिनसलंय. काल एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची डावी बाही उजवीकडे लावली. आज दुकानात गेलो तर मशीनवर डोकं टेकून गाढ झोपलेली, समोर एक बाई पिशवी घेऊन ताटकळत उभी. डोळे सुजून लाल.

"काकू, दिवसा झोपता, रात्रीपण झोपता. बरी चैन आहे."

"मेल्या, चल नीघ," म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला गेली. ओवला जाईना. मी ओवून दिला.

पण मनात किडा शिरला. इतकी झोपाळू बाई. हिला रात्री ऐकू तरी येईल का? मी इकडे वरती निवांत, आणि खाली ही कुंभकर्णाची बहीण. एकदा तपासून बघायला पाहिजे.

१२ मार्च

लिहितो. सगळंच लिहायचं ठरवलंय तर हेही.

काल रात्री खोटी फिट केली. खऱ्या फिटचं मला काही दिसत नाही, पण स्पॅनरने मागे एकदा मला फिट आलेली बघितलीय, त्याच्याकडून ऐकलेलं सगळं वापरलं. घशातून घरघर काढली, खाट दणादणा हलवली, टाचा आपटल्या. माझ्या मते उत्तम वठली.

जिन्यात धाडधाड पावलं. किल्ली कुलुपात जाता जाईना. मग दार उघडलं आणि अंधारातच काकू माझ्यावर येऊन पडली. मला कुशीवर लोटलं, पाठीवर थापट्या, "ऊठ रे, श्वास घे, ऊठ बाळा," असं मोठमोठ्याने.

मी हसत म्हटलं, "पास झालात काकू! पहिला नंबर!"

ती थांबेना. थापटतच होती. "श्वास घे, श्वास घे." मी म्हटलं, अहो मस्करी होती. मस्करी! तरी चालूच.

मी दिवा लावला. तिने मला बघितलं. मी बत्तीशी काढून बसलेलो. आणि मला तिचे कान दिसले. दोन्ही रिकामे.

बेल वाजवूनही ती का आली नव्हती ते तेव्हा डोक्यात शिरलं. एवढा हुशार मी.

तोंड मोठं करून, बोटाने कान दाखवून विचारलं, "मग तुम्हाला कळलं कसं?"

"दिवे बघत बसते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ओरडूनच. "रोज. रात्रभर."

ती उठली, किल्ली उचलली आणि गेली. जिन्यात तीनदा थांबली. मोजायचं नव्हतं, पण मोजलं.

१३ मार्च

दुकान बंद. कामावर एक मुलगी लिफ्टमध्ये अडकली होती, मी तिच्याशी एकही विनोद केला नाही. ती म्हणाली, "आहात ना?" मी म्हटलं, "आहे." एवढंच दोघं म्हणत राहिलो.

मी हवामान सांगत होतो. शुभ रात्री म्हणत होतो. आणि खाली एक बाई भिंतीला टेकून दिवे वर-खाली होताना बघत होती, आणि मी गप्प होऊन ते विझले की परत पेटतील का म्हणून बघत होती.

आज मी माझा डबा बंद करणार. दिवे पेटायचा प्रश्नच नाही. तिला झोपू दे. माझं काय, हजारात एक तर आहे. मला आजवर लॉटरीत साधा कंगवासुद्धा लागलेला नाही.

१४ मार्च

सकाळी कामावर जायला दार उघडलं तर काकू आत कोसळली. बाहेर पायरीवर बसून होती, दाराला तळहात लावून.

डबा बंद झाला की तिच्याकडच्या डब्यावर एक लाल दिवा लागून राहतो. मला माहीतच नव्हतं. ती तो बघून वर आली. किल्ली हातात होती, पण आत काय बघावं लागेल या भीतीने कुलूप उघडायचं धाडस होईना. मग दाराला हात लावून बसली. मी उठलो, चाललो, की फळीतून हाताला कळतं म्हणाली. मशीन बिघडलं की तिला तसंच कळतं, पायाला.

"डबा तू बंद केलास?"

मी मान हलवली.

"का?"

दोन्ही हात गालाखाली ठेवून झोपण्याची खूण केली आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

तिने माझ्या कानाखाली वाजवली. चांगली सणसणीत. मग तिथेच बसून रडली. मीपण. नंतर म्हणाली, "चहा ठेव. आणि साखर कमी घाल, तुझा चहा म्हणजे पाक असतो." हिने माझा चहा कधी प्यायला होता? प्यायला असेल. मला आठवत नाही.

तिने यंत्र कानात घातल्यावर विचारलं, सरळ 'नाही' का म्हणाला नाहीत तेव्हा?

"काय म्हणू? बहिरी आहे, दुसरी बघ? दुसरी होती का तुझ्याकडे?"

१७ मार्च

दिवसभर डोकं चालवलं. तिला ऐकू येत नाही, पण हाताला कळतं. मग दिवे कशाला हवेत?

माझी खाट खिडकीला लागून, तिची बरोबर खाली तिच्या खिडकीला लागून. भंगारातून दोन छोट्या कप्प्या आणल्या, पातळ दोरी, वजनाला मूठभर नट. दोरीचं एक टोक माझ्या खाटेच्या पायाला, उशीजवळून खिडकीतून बाहेर, कप्पीवरून खाली, तिच्या मनगटाला. नुसती कूस बदलली तर वजन वर-खाली होऊन ओढ पोटात घेतं. खाट धडधडली तर खाली हिसकेच हिसके. लिफ्टचा माणूस आहे मी, दोर कुठे ताणायचा आणि कुठे सैल सोडायचा हे मला कळतं. स्पॅनरने येऊन तपासलं. म्हणाला, "तुझ्या आयुष्यातलं हे पहिलं सरळ काम."

मनगटाची पट्टी काकूने शिवली. आतून मऊ कापड, बाहेरून जाड. रंग जांभळा. म्हटलं, तुमच्या साडीला मॅचिंग आहे. "गप," म्हणाली.

१९ मार्च

काकू दोन रात्री झोपली. आज डोळे उघडे होते पूर्ण. एकाच दिवसात तुंबलेल्या सगळ्या पँटी आखूड केल्या.

२५ मार्च

फिट : काल रात्री. साक्षीदार : काकू.

मला काही आठवत नाही. तिने सांगितलं ते लिहितो. पट्टीने हिसके द्यायला सुरुवात केली तशी ती उठली. वर आली तेव्हा मी पालथा होतो, तोंड उशीत. वळवलं. ओठ निळे पडले होते. थापटलं, हलवलं, थोडा वेळ काहीच नाही, मग मी मोठा श्वास घेतला. "म्हशीसारखा," म्हणाली. उजाडेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

सांगताना ती अर्धवट झालेला काज घालत होती. सांगून झाल्यावर तो तसाच सोडून आत गेली.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी गोळी वाढवली आणि पुढच्या तपासण्यांची तारीख लवकरची दिली.

ताईला सांगितलं. सगळं. फोन चालू आहे का म्हणून मी विचारलं. "आहे रे," म्हणाली, "ठेवू नकोस."

२ एप्रिल

रोज सकाळी काकू खालून एकदा दोरी ओढते. मग मी एकदा ओढायची. मग ती मशीनला बसते.

आज दोरी हलली तेव्हा मी टक्क जागा होतो. आणि डोक्यात आलं, आज ओढूच नये. ती धापा टाकत वर येईल, किल्ली लावेल, आणि मी खाटेवर मांडी घालून म्हणेन, "या काकू, बसा." खर्च नाही, तयारी नाही. अशी मस्करी चालून आली की मी आजवर सोडलेली नाही.

दोरी खिडकीशी नुसती ताणून उभी होती. खालून दुसरा झटका आला नाही. ती वाट बघत असणार. कानात अजून यंत्र नाही, खाली सगळं गप्प, आणि नजर त्या दोरीवर.

मी ओढली. तिला कळलं नसेल असं वाटलं म्हणून परत ओढली, दोन्ही हातांनी.

खालून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला, "कळलं रे मेल्या! तोडशील!"